बँक म्हणते, आधी कोर्टाचा वारस दाखला आणा

प्रश्न : माझे मिस्टर दोन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकने गेले. वय ४४. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते १९ वर्षं कायम कामगार होते. बेसिक आणि डीए मिळून १८ हजार, भत्ते धरून २० हजारांच्या आसपास पगार. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत, सासूबाई आमच्याजवळच असतात. बँकेतल्या त्यांच्या खात्यात पावणेदोन लाख आहेत, पण काउंटरवरचे साहेब म्हणतात, ‘कोर्टाचा वारस दाखला आणा, मग बघू.’ पतसंस्थेत दोन लाखांची ठेव आहे, तिला नॉमिनी सासूबाई. पीएफलाही नोकरी लागली तेव्हा, म्हणजे लग्नाआधी, त्यांचंच नाव दिलेलं. एक एजंट सगळं करून देतो म्हणतो, २५ हजार मागतो. फायनान्स कंपनीचे फोन येतात की मिस्टरांनी घेतलेलं ९० हजारांचं कर्ज तुम्ही भरा. मी जामीन नाही. त्यातच दीर एक टाइप केलेला कागद घेऊन आलेत, सातबाऱ्यावर वारस लावायला सही लागते म्हणतात. एटीएम कार्ड घरात आहे, पिन माहीत आहे. पैसे काढावेत का? सुरुवात कुठून करू?
— एक ताई, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, आधी तीन गोष्टी थांबवा. एटीएम कार्ड कपाटात ठेवून द्या, दिरांनी आणलेल्या कागदावर सही करू नका, आणि त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. बाकीचं सगळं सावकाश केलं तरी चालेल. फक्त दोन कामांना मुदत आहे. त्यातलं एक आत्ताच सांगते, दुसरं पुढे सातबाऱ्याच्या वेळी येईल.

मिस्टरांचा पगार २१ हजारांच्या आत होता, म्हणजे बहुतेक ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात असणार. पगाराच्या स्लिपवर बघा. कापली जात असेल तर अंत्यविधीच्या खर्चापोटी जास्तीत जास्त १५ हजार रुपये मिळतात. मृत्यू घरी झाला, नैसर्गिक होता, तरी मिळतात. मात्र अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांत करावा लागतो. तुमचे दोन महिने गेलेत. ईएसआयसीच्या जवळच्या शाखा कार्यालयात या आठवड्यातच जाऊन या.

जाण्याआधी मृत्यूचा दाखला हातात घ्या आणि नाव अक्षर अक्षर वाचा. दाखल्यावर ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’ आणि पासबुकात नुसतं ‘दत्ता’, असल्या फरकापायी लोकांनी वर्षभर हेलपाटे घातलेले आहेत. वडिलांचं नाव, आडनाव, तारीख, पत्ता, सगळं ताडून पाहा. चूक असेल तर ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, जिथे नोंद झाली तिथेच दुरुस्त करून घ्या आणि मगच दाखला पुढे वापरा. एकदा चुकीचा दाखला चार ऑफिसांत गेला की चार ठिकाणी खुलासे देत बसावं लागतं. दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढा. मूळ प्रत कुणाच्याही ताब्यात देऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

मिस्टरांचं सिमकार्डही बंद पडू देऊ नका, छोटा रिचार्ज मारत राहा. बँकेचे, पीएफचे, विम्याचे मेसेज त्यावरच येतात. रात्री मुलीला घेऊन बसा आणि मागच्या दोन वर्षांचे मेसेज चाळा. ‘प्रीमियम’, ‘पॉलिसी’, ‘ऑटो डेबिट’ असे शब्द शोधा. घरात कुणाला ठाऊक नसलेली पॉलिसी अशीच सापडते.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. बँकेत जाऊन पासबुक आजच्या तारखेपर्यंत छापून घ्या आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या ओळी पाहा. ४३६ रुपये वजा झालेले दिसतात का? शेजारी इंग्रजीत पीएमजेजेबीवाय किंवा नुसतं विमा कंपनीचं नाव असेल. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वर्षाला ४३६ रुपये, आणि मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख रुपये. पॉलिसीचं वर्ष १ जून ते ३१ मे असं असतं. खातं उघडताना किंवा एखाद्या कॅम्पात फॉर्म भरून घेतलेला असतो, भरणारा विसरून जातो, बायकोला कधी सांगितलेलंच नसतं, पैसे मात्र दर वर्षी कापले जातात. दावा त्याच बँकेच्या शाखेत करायचा. दाव्याचा फॉर्म, दाखला, नॉमिनीचं आधार आणि नॉमिनीच्या खात्याचा तपशील एवढंच लागतं. ‘महिन्याच्या आत यायला हवं होतं’ असं कुणी म्हणालं तर दाद देऊ नका. लवकर कळवावं अशी अपेक्षा असते, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. त्याच सुमारास २० रुपये कापलेले दिसले तर तो अपघात विमा आहे. हार्ट अटॅकला तो लागू होत नाही, त्याच्यामागे वेळ घालवू नका.

एका बँकेत नाही सापडलं तर मिस्टरांची दुसरी खाती बघा. कारखान्याचं पगाराचं खातं बहुतेक वेगळ्या बँकेत असतं. कित्येक बँका पगाराच्या खात्याला स्वतःचा वेगळा विमा जोडतात, तोही तिथे विचारा.

कारखान्याकडून तुमचं जे येणं आहे ते बँकेतल्या पावणेदोन लाखांपेक्षा बरंच मोठं आहे. एचआरकडे जाताना एकट्या जाऊ नका, मिस्टरांचे एखादे जुने सहकारी किंवा युनियनचे कुणी सोबत घ्या. मागायचं ते असं. पीएफची शिल्लक. पीएफलाच जोडलेला ईडीएलआय विमा. पेन्शन. ग्रॅच्युइटी. शिवाय राहिलेला पगार, रजेचे पैसे, बोनस.

यातला ईडीएलआय बहुतेकांना माहीतच नसतो, कारण त्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, मालक भरतो. स्लिपवर तो दिसत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. नोकरीत असताना मृत्यू झाला आणि त्याआधी सलग बारा महिने नोकरी असली तर किमान अडीच लाख आणि जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात. हिशोब असा की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराची, तीही १५ हजारांपर्यंतच धरून, ३५ पट, आणि वर पीएफ खात्यातल्या सरासरी शिलकेचा निम्मा भाग, पण पावणेदोन लाखांच्या मर्यादेत. मिस्टरांचा पगार १५ हजारांच्या वर होता, म्हणजे नुसती ३५ पट धरली तरी ५ लाख २५ हजार होतात. त्या एजंटला हा आकडा पाठ असणार, म्हणूनच तो पंचवीस हजार मागतोय.

पेन्शन तुम्हाला मिळेल, तुम्ही हयात असेपर्यंत किंवा पुनर्विवाह करेपर्यंत. दोन्ही मुलांना तुमच्या पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के, त्यांच्या वयाच्या पंचविशीपर्यंत. रक्कम फार मोठी नसते, काही हजारांतच असते, पण दर महिन्याला येते. पीएफ, विमा आणि पेन्शन या तिन्हींसाठी मृत्यू प्रकरणांचा एकच एकत्रित फॉर्म आहे. तो भरून कारखान्याच्या सही-शिक्क्यानिशी पीएफ कार्यालयात द्यायचा. अज्ञान मुलांची आई म्हणून तुमचीच सही चालते, पालकत्वाचा कोर्टाचा दाखला लागत नाही. काम अडलं तर दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफचे अधिकारी जिल्ह्यात येऊन तक्रारी ऐकतात, ‘निधी आपके निकट’ नावाने. कारखान्यात किंवा पीएफ कार्यालयात विचारलं तर ठिकाण कळेल.

सासूबाईंच्या नावाचं काय? पीएफच्या नियमात एक गोष्ट स्पष्ट आहे. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झालं की रद्द समजलं जातं, कामगाराने नवं भरायला पाहिजे होतं. मिस्टरांनी नंतर नवं भरलं होतं का, हे आधी एचआरला बघायला सांगा, हल्ली ते ऑनलाइनही असतं. नसेल भरलं तर जुन्या कागदावर नुसतं सासूबाईंचं नाव असलं म्हणून सगळी रक्कम त्यांना जात नाही. कुटुंबातल्या पात्र माणसांत समान वाटे होतात, आणि सासूबाई मुलावर अवलंबून असतील तर त्याही त्यात येतात. एचआरमधल्या नवख्या पोराने फाइल उघडून ‘नॉमिनी आई आहे, त्यांना पाठवा’ असं म्हटलं तर त्याला हा नियम सांगा.

ग्रॅच्युइटीचा हिशोब घरीच करता येतो. शेवटचा बेसिक अधिक डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. तुमच्या आकड्यांनी १ लाख ९७ हजारांच्या थोडं वर जातं. मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट लागत नाही. तुम्हाला तिचा प्रश्नच नाही, पण तुमच्या ओळखीत कुणाचा तीन वर्षांच्या नोकरीत मृत्यू झाला असेल तर त्यांना हे जरूर सांगा, कारण ‘पाच वर्षं झाली नाहीत’ म्हणून बायकांना परत पाठवतात.

आता बँक. ‘कोर्टाचा दाखला आणा’ हे काउंटरवरचं सगळ्यात सोयीचं उत्तर आहे. समोरचं माणूस निघून जातं, साहेबांना काही लिहावं लागत नाही. पण तुम्ही पहिला प्रश्न वेगळा विचारा: या खात्याला नॉमिनी आहे का? पासबुकाच्या पहिल्या पानावर ‘नॉमिनेशन नोंदवलेले’ असं छापलेलं असू शकतं. नसलं तरी त्यांच्या संगणकात बघायला लावा. नॉमिनी असेल आणि कोर्टाचा मनाई हुकूम नसेल, तर बँकेला वारस दाखला मागताच येत नाही. नॉमिनी नसेल तरी पावणेदोन लाखांसाठी कोर्टात पाठवायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये याबद्दल नवे निर्देश काढले आणि बँकांना ते ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणायला सांगितले. त्यानुसार व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला सोपी पद्धत आहे. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखपत्रं, नुकसानभरपाईचं हमीपत्र, दावा न करणाऱ्या वारसांची ना-हरकत, आणि वारस कोण कोण आहेत हे सांगणारं, कुटुंबाला ओळखणाऱ्या पण वारस नसलेल्या व्यक्तीचं निवेदन. सगळे कागद पोचल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर बँक रेट (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) अधिक ४ टक्के दराने व्याज बँकेने द्यायचं. हे व्याजाचं वाक्य शाखेत शांतपणे उच्चारून बघा.

एटीएमने पैसे का काढू नका? खातेदार गेल्यावर ते पैसे सगळ्या वारसांचे झाले. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि आई या चौघांचा सारखा हक्क, म्हणजे तुमच्या घरात प्रत्येकी पाव. उद्या दीर सासूबाईंना पुढे करून विचारतील, मृत्यूनंतर चाळीस हजार कुणी काढले? तेव्हा ते दवाखान्याच्या बिलाला गेले हे पटवत बसायची वेळ तुमच्यावर यायला नको. दोघांच्या नावाचं, ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो’ असं खातं असतं तर गोष्ट वेगळी होती.

पतसंस्थेच्या ठेवीची रक्कम नॉमिनी म्हणून सासूबाईंच्या हातात जाईल. त्यात पतसंस्थेचं काही चुकत नाही. पण ठेवीचा नॉमिनी पैसे घेतो तो वारसांच्या वतीने, मालक म्हणून नव्हे. नॉमिनी झाल्याने वारसाहक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नव्हे, अनेकदा सांगितलंय. फक्त विम्यात गणित थोडं वेगळं आहे. आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायदा त्यांना रकमेचे लाभार्थी मानतो. त्यामुळे त्या २ लाखांच्या विम्यावर सासूबाईंचं नाव निघालं तर तिथे फार ताणू नका.

हे वाचून लगेच सासूबाईंशी हिशोबाला बसू नका. मुलगा त्यांचाही गेलाय. मला वाटतं, चांगला मार्ग हा की पाव हिस्सा त्यांचा आहे हे तुम्हीच आधी बोलून दाखवावं, त्यांच्या नावाने त्याची ठेव करू म्हणावं. ज्या म्हातारीला आपल्या औषधपाण्याची सोय दिसते ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही करत नाही, असा माझा अनुभव आहे. शिवाय बँकेच्या ना-हरकतीवर तुम्हाला त्यांची सही लागणारच आहे.

आता दिरांचा कागद. मी तो पाहिलेला नाही, दिरांच्या मनात काही असेल असंही म्हणत नाही. पण कागदाचं शीर्षक आणि दुसरा परिच्छेद वाचा. ‘हक्कसोडपत्र’, ‘माझा हक्क, हितसंबंध राहिलेला नाही’, ‘स्वखुशीने सोडून देत आहे’ असे शब्द कुठेही दिसले तर तो वारस नोंदीचा कागद नव्हे. वारस नोंद म्हणजे मिस्टरांच्या जागी तुमचं, मुलांचं आणि सासूबाईंचं नाव लागणं. तिला कुणीही हक्क सोडायची गरज नसते. अर्ज गावच्या तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करायचा. दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र जोडायचं. हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यावी असं महसूल कायदा सांगतो, म्हणून हेही लांबवू नका. नोंद वारसांच्या रजिस्टरात होते, मग फेरफार पडतो, नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीला असतात आणि मंडळ अधिकारी मंजूर करतात. मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ आणि तुमचं नाव येईल, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. नवा सातबारा हातात आला की हे शब्द आहेत ना ते पाहा. आणि मुलांचा हिस्सा सोडायचा किंवा विकायचा अधिकार तुम्हालाही नाही, जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. घरात वाद नको असेल तर दिरांना हेच सांगा: भाऊजी, पोरांच्या हिश्श्याला कोर्ट आडवं येतंय, मी काही करू शकत नाही.

फायनान्स कंपनीचं मात्र थोडक्यात. तुम्ही सहकर्जदार नाही, जामीन नाही, तर स्वतःच्या कमाईतून ते कर्ज फेडायची जबाबदारी तुमच्यावर नाही. मिस्टरांच्या मागे जी मिळकत राहिली तेवढ्यापुरताच त्यांचा दावा. कंपनीला दाखल्याची प्रत पाठवा आणि लेखी विचारा, या कर्जाचा विमा काढला होता का? कर्ज देताना विम्याचा हप्ता बऱ्याचदा आधीच कापून घेतात आणि नंतर तोंडाने सांगत नाहीत. तसा विमा निघाला तर कर्ज विमा कंपनी फेडते. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केलीय. ‘मुलीच्या शाळेत येऊ’ वगैरे भाषा कुणी केली तर तो कॉल रेकॉर्ड करून ठेवा.

एजंटच्या पंचवीस हजारांचं उत्तर असं. पीएफ, ईएसआयसी, वारस नोंद यांपैकी कशाच्याही अर्जाला सरकारी फी नाही. समजा पुढे कुठे खरोखरच कोर्टाचा दाखला लागला, तर बाई म्हणून तुम्हाला उत्पन्नाची कसलीही अट न घालता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तशी तरतूद आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, टोल फ्री नंबर १५१००.

मुलांसाठी अजून एक. एकट्या पालकाच्या मुलांना महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, वय १८ होईपर्यंत. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. घरची पाहणी होते, वेळ लागतो, पण अर्ज टाकून ठेवा.

बँकेत पुन्हा जाल तेव्हा तोंडी बोलत बसू नका. साध्या कागदावर, मराठीतच, एवढं लिहून न्या: ‘माझे पती अमुक यांचे तमुक तारखेला निधन झाले. त्यांचे आपल्या शाखेत अमुक क्रमांकाचे खाते आहे. या खात्यास नामनिर्देशन आहे काय, असल्यास कोणाचे, नसल्यास दाव्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील, याची यादी लेखी द्यावी. तसेच या खात्यातून जीवन ज्योती विम्याचा हप्ता कापला गेला आहे काय तेही कळवावे. आपण न्यायालयाचा वारस दाखला आवश्यक समजत असल्यास कोणत्या नियमाने, हेही लेखी कळवावे.’ दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटणारं आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, मराठीत माहितीसाठी १४४४८ ला फोन लावा. पतसंस्थेचं काही अडलं तर लोकपाल नाही, तालुक्याचे सहायक निबंधक, सहकारी संस्था.

पासबुकात ४३६ ची ओळ सापडली की नाही, ते मला कळवा.